घाटात दम जातो, चावी फिरवली की परत येतो: जुन्या डिझेल गाडीत टर्बोची ताकद कुठे गळते ते शोधताना

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, अर्टिगा. वरून या गाड्या वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांच्या बहुतेक डिझेल आवृत्त्यांत बॉनेटखाली १२४८ सीसीचे एकच मूळ फियाट इंजिन बसलेले असते. एप्रिल २०२०ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि मारुतीने हे इंजिन बंद केले, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या या गाड्या सगळ्या वयस्क आहेत आणि तक्रारही ठरलेली असते. सपाटीवर गाडी बरी चालते, पण खंबाटकी किंवा बोरघाट चढायला लागली की दोन हजार आरपीएमच्या पुढे ओढतच नाही, मागचा ट्रक हॉर्न वाजवतो आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात यावे लागते. गॅरेजात गेलात की पहिले वाक्य ऐकू येते, ‘टर्बो गेला.’ टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. त्याच्यापर्यंत येणारी हवा, त्याच्याकडून पुढे जाणारी हवा किंवा त्याला हुकूम देणारी बारीक नळी यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. टर्बो हा या साखळीतला सर्वांत महाग भाग आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी तपासायचा.

आधी गाडीला टर्बो कोणता आहे ते बघा

या इंजिनाच्या दोन जाती आहेत. ७५ पीएसवाल्याला साधा, म्हणजे स्थिर भूमितीचा टर्बो असतो आणि त्याचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळतो. ९० पीएसवाल्याला व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा टर्बो असतो. त्याचा २०० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० लाच येतो. हा फरक माहीत नसेल तर निदान चुकते. स्विफ्ट १५०० आरपीएमला तिसऱ्यात मरगळल्यासारखी वाटते, हा दोष नव्हे. ती जन्मापासून तशीच आहे.

ताकद कमी-जास्त करण्याची पद्धतही दोघांची उलटी आहे. साध्या टर्बोला वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारी झडप असते. टर्बोचाच दाब एका छोट्या नळीतून ॲक्च्युएटर, म्हणजे रॉड हलवणाऱ्या डबीत येतो आणि दाब वाढला की झडप उघडतो. व्हीजीटीत हेच काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालते. व्हॅक्यूम मिळाला की रॉड ओढला जातो, पाती मिटतात, एक्झॉस्टचा झोत अरुंद होतो आणि दाब वाढतो. म्हणून डबीच्या नळीला भोक पडले तर साध्या टर्बोत दाब प्रमाणाबाहेर चढतो आणि व्हीजीटीत दाब तयारच होत नाही. ‘नळी फाटली की काय होते?’ या प्रश्नाला गाडी न बघता उत्तर देणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

पिकअप नेमका कसा जातो?

हत्यार उचलण्याआधी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटे गाडी चालवून तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे क्लच. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन वर गेला आणि वेग तसाच राहिला तर क्लचप्लेट घसरते आहे, टर्बोला हात लावू नका. काटा आणि वेग दोन्ही सुस्त असतील तर पुढे वाचा. जाम झालेले ब्रेक कॅलिपरही गाडी अशीच मागे ओढतात. गाडी थांबवल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले आढळले तर आधी तिकडे बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार कायमची आहे की येते-जाते. सकाळपासून सतत दम नसेल तर फाटलेला होस, तुंबलेला फिल्टर, तुटलेली व्हॅक्यूम नळी किंवा उघडी अडकलेली झडप असा प्रकार असतो. गाडी नीट चालता चालता चढावर एकदम ‘बसते’ आणि चावी बंद करून चालू केली की पूर्ववत होते, तेव्हा तो लिम्प मोड, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापलेली अवस्था असते. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, मागितलेला दाब आणि सेन्सरने दाखवलेला दाब यांत काही सेकंद मोठा फरक राहिला की ईसीयू डिझेल कापतो. यात एक मेख आहे. दाब कमी पडला तरी लिम्प मोड येतो आणि जास्त झाला तरी येतो. व्हीजीटीची पाती मिटलेल्या स्थितीत काजळीने चिकटली की दाब जास्त होऊन गाडी बसते. चालवणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा ‘ताकद गेली’ एवढेच कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे धूर. मागे कोणाला तरी उभे करा किंवा रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांत आरसा बघा. भरपूर काळा धूर आणि दम नाही, याचा अर्थ डिझेल जाते आहे पण हवा पोचत नाही. होस फाटलेला असेल किंवा इजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात वळवणारी झडप, उघडी अडकलेली असेल. धूर अजिबात नाही आणि दमही नाही, तर ईसीयूने डिझेल कापले आहे किंवा डिझेलच पुरेसे येत नाही. निळा धूर ऑइलचा असतो, आणि तेव्हा टर्बोवरचा संशय रास्त आहे.

स्कॅनर लावा, पण नुसता कोड वाचून थांबू नका

एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे दोष ओळखून त्याचा कोड नोंदवणारी गाडीतली यंत्रणा, सक्तीचे झाले. त्यानंतरच्या गाड्यांशी मोबाइलवर चालणारा साधा ब्लूटूथ डोंगल सहसा बोलतो. त्याआधीच्या गाड्यांना गॅरेजमधला स्कॅनरच लागण्याची शक्यता जास्त. कोड आधी लिहून घ्या, मगच पुसा. पी०२९९ म्हणजे दाब कमी, पी०२३४ म्हणजे दाब जास्त. पी०२३६ ते पी०२३८ बूस्ट (टर्बोचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचे, पी०४०१ आणि पी०४०२ इजीआरचे, पी०१०१ हवेच्या मापाचा. पी००८७ म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) डिझेलचा दाब कमी, आणि तो असेल तर ही सगळी शोधाशोध सोडून आधी डिझेल फिल्टर बघा.

पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्याइतकेच शहाणपणाचे. कोड फक्त परिणाम सांगतो, कारण तुम्हालाच शोधायचे असते.

आता एक फुकट चाचणी. चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड दाबाचा, म्हणजे मॅप सेन्सरचा आकडा वाचा. हवा स्थिर असल्याने तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच हवा. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. पुण्यात ९५ दिसले म्हणून सेन्सर खराब ठरवू नका, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा तो हिशेब आहे. स्कॅनर बॅरोमेट्रिक दाब वेगळा दाखवत असेल तर दोन्हींत दोन-तीन किलोपास्कलपेक्षा जास्त फरक नको. पुण्यात उभ्या गाडीत मॅप ११५ दाखवत असेल तर ईसीयूला दाब खऱ्यापेक्षा जास्त वाटतो आणि तो टर्बोला आवर घालतो. बऱ्याचदा सेन्सरच्या टोकाला ओली काजळी बसलेली असते. सेन्सर काढून इलेक्ट्रिकल क्लीनरने धुवा, वाळू द्या आणि पुन्हा आकडा घ्या. भोकात टाचणी घालू नका, आतला पडदा फुटतो.

मग चढाचा रिकामा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून जा. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे किंवा ॲपमध्ये नोंदवायचे, चालवणाऱ्याने नाही. निरोगी गाडीत मॅप २००० ते २५०० च्या दरम्यान १८० किलोपास्कलच्या पुढे जातो. १०० ते ११० वर रेंगाळत असेल तर टर्बो जणू अस्तित्वातच नाही. १५० पर्यंत जाऊन अडकत असेल तर गळती. झपाट्याने वर जाऊन मागणीच्या पुढे उसळी मारत असेल आणि मग गाडी बसत असेल तर पाती किंवा सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम सोडणारी-रोखणारी विजेची झडप. या एका चालीत निम्मे निदान होते.

होस: बोटांनी बघायची गोष्ट

टर्बोपासून इंजिनाच्या इनटेकपर्यंतचा प्रत्येक रबरी होस हाताने चाचपावा लागतो. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, असलेल्या गाडीत ही वाट लांब असते आणि तिच्यात चार-सहा जोड असतात. इंजिन थंड असताना खालची अंडरट्रे काढा. होसवर थोडासा तेलकट ओलावा असणे स्वाभाविक आहे, कारण क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) वाफ ब्रीदर नावाच्या नळीतून इनटेकमध्येच सोडलेली असते. पण एका ठिकाणीच काळी, ओली, धूळ चिकटलेली पट्टी दिसली तर हवा तिथूनच बाहेर पडते.

वरून होस धडधाकट दिसतो म्हणून सोडू नका. चीर बहुतेक वेळा वळणाच्या खालच्या अंगाला, घडीत किंवा क्लिपच्या कडेला असते. दोन्ही अंगठ्यांनी होस उलटा वाकवा. चीर असेल तर ओठांसारखी उघडते आणि आतल्या कापडाचे धागे दिसतात. इंजिन बंद असताना किंवा आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ती मिटलेली राहते, दाब आला की उघडते. म्हणूनच गॅरेजात उभ्या गाडीत काहीच सापडत नाही आणि घाटात दम जातो. दुसरा छुपा प्रकार म्हणजे आतला थर सुटणे. बाहेरून होस चांगला असतो, आतली सुटलेली साल झडपेसारखी वाट अडवते. संशय असेल तर होस काढून आत टॉर्च मारा. तिसरा प्रकार एअर फिल्टर आणि टर्बोमधल्या नळीचा. फिल्टर तुंबलेला असला की जोरात रेस दिल्यावर ही नळी आत चिमटते. त्यासाठी एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने नुसते बघायचे.

डोळ्यांना सापडले नाही तर दाबाची चाचणी करा. टर्बोच्या बाहेर पडण्याच्या तोंडावरचा होस काढा, त्याच्या मोकळ्या टोकात बेताच्या मापाची पीव्हीसी एंडकॅप बसवून क्लिपने आवळा. कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावा. रेग्युलेटर असलेल्या काँप्रेसरने अर्धा बार, म्हणजे सात पीएसआय, हवा भरा. एक बारच्या पुढे जाऊ नका. कॅप उडून तोंडावर येऊ शकते, म्हणून समोर उभे राहू नका. आता प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारा. दाब एअर फिल्टरच्या बाजूने देण्याचा मोह टाळा. तिकडून हवा ब्रीदरमार्गे क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील सुटतात.

पिस्टनजवळून थोडी हवा जाणारच, ऑइलच्या डिपस्टिकपाशी हलकी फुसफुस चालते. सायलेन्सरमधून हवा येत असेल तर इजीआर नीट बंद होत नसल्याचा संशय घ्या. मात्र क्रँक थोडा फिरवून पुन्हा बघा. एखाद्या सिलिंडरचे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या क्षणी दोन्ही उघडे असू शकतात.

फाटलेला होस सायकलच्या ट्यूबने आणि तारेने बांधला तर घरापर्यंत पोचता येते, त्यापुढे नाही. नवा होस बसवताना दोन्ही टोकांचे तेल पुसून कोरडे करा, नाहीतर तो पहिल्याच चढावर निसटतो.

व्हॅक्यूम: व्हीजीटीवाल्यांचे खरे दुखणे

साध्या टर्बोवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. त्यांनी वेस्टगेटचा रॉड थंड इंजिनावर हाताने हलतो का आणि स्प्रिंगच्या जोरावर परत घट्ट बसतो का तेवढे पाहावे. ढिला पडलेला किंवा गंजून उघडा अडकलेला असेल तर दम जातो.

व्हीजीटीत सुरुवात ब्रेकपासून करा. ब्रेक आणि टर्बो यांचा व्हॅक्यूम एकाच पंपातून येतो. पेडल नेहमीपेक्षा कडक झाले असेल आणि दमही नसेल तर मूळ पंप किंवा मुख्य नळी तपासा. टी-जोड लावून व्हॅक्यूम गेज बसवा. आयडलला किनारपट्टीवर ६५० मिलिमीटर पारा किंवा अधिक आणि पुण्यात त्याहून थोडे कमी दिसायला हवे.

मग एकाला चावीवर बसवा, दुसऱ्याने टॉर्च घेऊन ॲक्च्युएटरचा रॉड बघा. इंजिन चालू होताच रॉड ओढला जायला हवा आणि बंद करताच परत यायला हवा. हललाच नाही तर डबीवरची नळी काढून तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप लावा आणि ४५० ते ५०० मिलिमीटरपर्यंत ओढा. आता तीन शक्यता आहेत. रॉड सेंटिमीटरभर सहज सरकला आणि सुई मिनिटभर जागची हलली नाही, तर डबी आणि पाती चांगली आहेत, दोष मागे नळीत किंवा सोलेनॉइडमध्ये. सुई लगेच खाली येते, तर डबीचा पडदा फाटला. सुई स्थिर पण रॉड अडखळतो किंवा अर्ध्यावर थांबतो, तर पाती काजळीने धरली आहेत.

नळ्या पेन्सिलहून बारीक असतात आणि उष्णतेने कडक होऊन टोकाशी तडकतात. उंदीर हे दुसरे कारण. पावसाळ्यात उबदार इंजिनावर उंदीर बसतात आणि नळ्या कुरतडतात. इंजिनावर लेंड्या किंवा धान्याची साले दिसली तर प्रत्येक नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाखालून घाला. तडकलेले टोक दोन सेंटिमीटर कापून पुन्हा बसवता येते, पण नळी त्यामुळे ताणली जात असेल तर सगळीच बदला.

सोलेनॉइडला तीन तोंडे असतात. एकात पंपाचा व्हॅक्यूम येतो, दुसऱ्यातून तो टर्बोकडे जातो, तिसरे बाहेरच्या हवेला उघडे असते आणि त्यावर कधी बोटाच्या पेराएवढा फोमचा फिल्टर असतो. हे तिसरे तोंड चिखलाने बुजले की व्हॅक्यूम सुटत नाही, रॉड ओढलेलाच राहतो आणि पी०२३४ येऊन गाडी बसते. दहा रुपयांचा फोम आणि हजारोंचे टर्बोचे अंदाजपत्रक असा हा मामला. काही गाड्यांत इजीआरचा व्हॅक्यूम सोलेनॉइड याच मापाचा असतो. भाग क्रमांक जुळत असेल तर अदलाबदल करून बघणे ही सर्वांत स्वस्त चाचणी.

एक कळकळीची सूचना. पात्यांच्या स्टॉपचा लाख लावलेला स्क्रू आणि रॉडचा नट यांना पाना लावू देऊ नका. ‘थोडा आवळला की पिकअप येतो’ हे खरे आहे, काही दिवसांपुरते. त्यानंतर दाब कुठल्याच आरपीएमला मागणीशी जुळत नाही आणि मूळ दोष शोधणे दुप्पट अवघड होते.

एमएएफ, इजीआर, डिझेल, सायलेन्सर

एमएएफ, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला आलेल्या हवेचा आकडा बघा. १२४८ सीसी आणि ८५० आरपीएम असा हिशेब केला तर इजीआर बंद असताना ९ ते १० ग्रॅम प्रति सेकंद येतात, इजीआर उघडा असताना बरेच कमी. इजीआर बंद करूनही ५-६ च्याच घरात असेल तर सेन्सर मळलेला आहे किंवा इजीआर खरा बंद होत नाही. सेन्सरचा प्लग काढून चालवून बघता येते. गाडी खुली झाल्यासारखी वाटली तर सेन्सर गुन्हेगार ठरण्याची शक्यता मोठी, मात्र काही गाड्या प्लग काढताच लिम्प मोडमध्ये जातात, म्हणून नुसत्या या चाचणीवर निकाल देऊ नका.

इजीआर काढल्यावर झडपेची बैठक बघा. काजळीचा एक खडा मध्ये अडकला तरी झडप मिटत नाही. कार्बन क्लीनर आणि ब्रशने घासा, मोटरचा भाग भिजवू नका. इजीआरला कायमची पत्री मारून टाकण्याचा सल्ला मिळेल. चाचणीपुरता तो ठीक, पण प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही.

डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर बदलूनच टाका. रेल दाब आयडलला ३०० बारच्या आसपास असतो. महत्त्वाचे हे की चढावर पूर्ण दाबल्यावर मागितलेला आणि मिळालेला दाब यांत शंभर बारहून जास्त तफावत टिकून राहू नये.

तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले प्रदूषण कमी करणारी डबी) क्वचित, पण फसवा. आयडल उत्तम, रेस दिली की इंजिन गुदमरल्यासारखे होते. कन्व्हर्टरच्या आधीचा फ्लँज थोडा ढिला करून कंपाउंडमध्येच रेस द्या. आवाज प्रचंड येतो आणि गरम वायू शेजारच्या वायरिंगवर जातो, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर नको.

एवढे सगळे ठीक असेल तरच टर्बो

थंड इंजिनावर इनटेकचा होस काढून टर्बोच्या दांड्याचे टोक दोन बोटांत धरा. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगते. आत-बाहेर खेळ बोटाला जाणवला तर बेअरिंग गेले. पंख्याची पाती घराला घासल्याच्या चकचकीत खुणा, तुटलेल्या कडा, कुरतडल्यासारखी टोके बघा. शेवटचा प्रकार फाटक्या किंवा लोकल एअर फिल्टरमधून गेलेल्या धुळीचा.

टर्बो खरेच बदलावा लागला तर तो का गेला ते आधी शोधा, नाहीतर नवाही जाईल. ऑइलची पातळ पाइप आतून जळक्या ऑइलने अरुंद झालेली असते. ती साफ करत बसू नका, बांजो बोल्ट (ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) आणि वॉशरसह नवीच घाला. परतीची पाइप मोकळी आहे ना बघा, ऑइल आणि फिल्टर बदला. बसवताना ऑइलच्या भोकात चमचाभर नवे ऑइल ओता, दांडा हाताने फिरवा. इंजेक्टरचे प्लग काढून इंजिन दहा-दहा सेकंद दोन-तीनदा नुसते क्रँक करा, मगच चालू करा आणि पाच मिनिटे आयडलवर ठेवा.

जुन्या टर्बोने ऑइल टाकले असेल तर इंटरकूलर उतरवून पूर्ण रिकामा केल्याशिवाय गाडी चालू करू नका. आत साठलेले ऑइल ओढून डिझेल इंजिन आपोआप रेस घेते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. तसे झालेच तर ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट दाबून पाचवा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल.